दोन पंखांच्या भाऊबंदकीविषयी विहीणबाईंना

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पार्सल सोमवारी दुपारी सुखरूप पोचलं. उतरवून घेतलेला माल असा: अन्नावर घालायची जाळीची झाकणं सहा (एकाची मूठ सैल), लोकरीचे मोजे दोन जोड, नातीला झबलं एक (दोन वर्षांपूर्वी अगदी मापाचं झालं असतं), साबणाच्या वड्या चार आणि पत्र एक, जाड. टपालखर्च तुम्ही तिकडेच भरला होतात. आमच्याकडून पार्सल जिना चढवून आणणाऱ्याला अर्धा कप चहा गेला. दोरी आणि कागद शाबूत निघाले, ते मी नफ्यात धरले आहेत. इकडे देवाच्या कृपेने सगळे उभे आहेत. ह्यांचा गुडघा हवेप्रमाणे, माझी दाढ तिच्या मर्जीप्रमाणे आणि नातीची सर्दी येऊन-जाऊन. तुमची कंबर कशी आहे? वाकून बादल्या उचलू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही ऐकणार नाही आणि मीही उचलतेच, तेव्हा शाई वाचवते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा ह्यांना मोठ्याने (कुठलंही पत्र मोठ्याने वाचलं की जास्त रागावलेलं वाटतं, असा माझा अनुभव आहे). मजकूर ध्यानात आला. तुमच्या लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, तिच्या संग्रहालयाने चार महिने डोंगरात राहून माश्यांचा अभ्यास करायला निवडलं आहे. ते तुम्हाला पसंत नाही. तीन वर्षांची पोर घरी ठेवून बाईमाणसाने ओढ्याकाठी माश्यांमागे धावणं बरं दिसत नाही. तेव्हा महिनाअखेरीच्या आत तिने नकार कळवावा, आणि ती तुमचं ऐकत नसल्यामुळे मी सासू ह्या नात्याने तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात. शेवटी तुम्ही विचारलं आहे की माशी ती माशी, तिच्यात समजून घेण्यासारखं असतं तरी काय. ती तुमचं ऐकत नाही हे मात्र खरं नाही हं. तिने इथे सगळ्यांसमोर सांगितलं आहे की आई हो म्हणाली तरच जाईन, नाहीतर नकार लिहून टाकीन. (आमचे चिरंजीव म्हणजे तुमचे जावई ह्यावर ‘तुम्ही बायका ठरवाल ते’ असं म्हणून अंघोळीला गेले, आणि बराच वेळ अंघोळ करत होते.) म्हणजे सगळं अडलं आहे ते तुमच्या एका शब्दावर. आणि माशीबद्दल म्हणाल तर बुधवारच्या सकाळपर्यंत माझंही मत तुमच्या मताला जुळं होतं.

मी समजुतीच्या गोष्टी चार काढून ठेवल्या. पाचवी भाजी चिरताना आपोआप सुचली. जेवणं झाली की सांगायच्या असं ठरवलं होतं, पण जेवताना सूनच म्हणाली, आई, मला उद्या पहाटे संग्रहालयात जायचं आहे, दोन दिवसांचं काम आहे, परवा संध्याकाळी येते, तेवढं माझ्या ताटल्यांकडे बघाल का. बघते म्हटलं. जाणाऱ्या माणसाला समज देऊ नये, वाटेत विसरतं. मग तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नेलं आणि तिथे तुमची झाकणं! पार्सल उघडून तीन तास झाले नव्हते, तीन झाकणं वरण, भाजी आणि दह्यावर गेली, दूध उघडंच होतं, भात उघडा होता, आणि उरलेली तीन झाकणं तीन ताटल्यांवर घालून त्यांच्याखाली तिने माश्या बसवल्या होत्या. विहीणबाई, जगात जाळीचं झाकण निघालं ते माशी बाहेर राहावी म्हणून. ती आत राहावी म्हणून वापरणारी तुमची लेक पहिलीच. तिने सांगितलं, दाराकडच्या पहिलीला रोज जिवंत माश्या द्यायच्या, मधलीला पाण्यात कालवलेला मध, आणि खिडकीजवळच्या छोटीला चिलटं, पिकलेल्या फळावर बसतात ती. मी मान डोलावली. लक्षात ठेवण्याचं माझं काम चोख असतं हे तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी ती गेली आणि मला कणीक तिंबायला टेबल हवं झालं. म्हणून मी तिन्ही ताटल्या उचलून फळीवर नेल्या. उचलताना खिडकीकडून सुरुवात केली की दाराकडून, ते आठवेना. फळीला दारही नाही आणि खिडकीही नाही. आता पहिली कुठली आणि छोटी कुठली? पण मी म्हटलं, आपल्याला देवाने डोळे दिले आहेत, दिसतंयच की कोण काय आहे ते. एक होती चांगली अंगठ्याच्या पेराएवढी, अंगभर सोनेरी लव, जाड पाय, अगदी गुबगुबीत मधमाशी. म्हणजे मध हिचा. दुसरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीचा अवतार, बघूनच अंगावर काटा यावा. म्हणजे जिवंत माश्या खाणारी क्रूर ती हीच. तिसरी करडी, बारकी, घरात दिवाणखान्यात बसते तशीच साधी माशी, फक्त उंचीने कमी. हिला झाकणाखाली ठेवायचं कारणच मला दिसेना. शेवटी उलगडा झाला की हा दुसऱ्या कुणाचा तरी शिधा असणार, वेगळा काढून ठेवलेला. (मी पण उद्याची भाजी वेगळीच ठेवते.) तेव्हा करडीला उचलून पट्टेवालीच्या झाकणाखाली सोडलं. एक झाकण मोकळं झालं, ते दुधावर घातलं. फार समाधान वाटलं.

पण एका करडीने गांधीलमाशीचं काय होणार? जिवंत माश्या आणायच्या कुठून? तुम्ही माझं घर पाहिलं आहे. मी आयुष्यभर इतक्या निष्ठेने माश्या मारल्या आहेत की घरात एकच उरली आहे, ती गेले दोन आठवडे माझ्या फटक्याला चुकवते आहे, आणि तिच्याबद्दल मला आता थोडा आदर वाटू लागला होता. तिला धरणं शक्य नव्हतं. म्हणून झाकणाची बरणी घेऊन मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. गिऱ्हाईक बरंच होतं. माझा नंबर आल्यावर मी हळूच विचारलं, तुमच्याकडे माश्या आहेत का? बेकरीवाला पांढराफटक पडला. म्हणाला, “मावशी, शपथ घेऊन सांगतो, दुकानात एक माशी दाखवा, दुकान बंद करतो.” मी म्हटलं, “एकीने भागायचं नाही हो. सात-आठ तरी लागतील.” तेव्हा तो काउंटरवरून वाकला आणि विचारू लागला की मला कुणी पाठवलं, तपासणीवाल्यांनी की समोरच्या बेकरीवाल्याने. मी सांगितलं, सुनेने. सुनेने म्हटल्यावर तो आणखीनच घाबरला (त्याच्याही घरी एक आहे). अखेर गिऱ्हाईक पांगल्यावर तो मला मागच्या दाराशी घेऊन गेला. तिथे काकवीचे रिकामे डबे होते आणि त्यांवर ती काय झुंबड! “ही मागची बाजू झाली,” तो म्हणाला, “हिला दुकान म्हणत नाहीत.” मी बरणी भरली. माश्यांबरोबर चिलटंही पुष्कळ आली, ती फुकट. पैसे विचारले तर त्याने हात जोडले, वर एक पाव कागदात गुंडाळून दिला आणि ही गोष्ट कुठे बोलू नका म्हणाला. पाव मी घेतला. दिलेल्या वस्तूला नको म्हणणं हा उर्मटपणा आहे. घरी आल्यावर हे म्हणाले, “निवृत्त झाल्यापासून मला म्हणत होतीस ना, नुसते माश्या मारत बसता? आता तू गावभर माश्या धरत हिंड.” पाव मी एकटीने खाल्ला.

आता पुढचं ऐका. बरणीतल्या माश्या पट्टेवालीच्या झाकणाखाली सोडल्या. मला वाटलं रक्तपात होईल, म्हणून नातीला आधी बाहेर पाठवलं. काही नाही! ती क्रूर गांधीलमाशी एका कडेला अंग चोरून बसली, आणि बेकरीच्या माश्या तिच्या डोक्यावरून ये-जा करू लागल्या. इकडे मधमाशीसमोर मी वाटीभर मध ठेवलेला (पातळ केलेला, पण अगदीच पाणी नव्हे), तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, दोघी उपाशी. माझ्या घरातून कुणी उपाशी गेलेलं नाही, विहीणबाई. देवाला दिवा लावला आणि म्हटलं, ह्या मुक्या जिवाला तूच बुद्धी दे. मग असा विचार केला की तान्ह्या पोरांना आपण मध बोटाने चाटवतोच की. झाकण किंचित वर केलं, करंगळीला मध लावला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिने मध चाटला नाही. तिने माझ्या करंगळीत काहीतरी खुपसलं! तापलेली सुई म्हणतात ती तशी असेल. मी अशी ओरडले की हे गुडघा विसरून धावत आले, झाकण खाली पडलं आणि मधमाशी सुटली. मी माशी मारायची पट्टी हातात घेतली. मुक्या जिवाबद्दलची दया बरीच कमी झाली होती, ते खोटं कशाला सांगू. ती उडून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसली, पाय रोवून, मान इकडून तिकडे फिरवत, जणू रस्त्यावरची वर्दळ बघते आहे. मी स्टुलावर चढले. पट्टी उगारली. आणि तेवढ्यात माझी ती दोन आठवड्यांची जुनी वैरीण, घरातली शेवटची माशी, खोलीच्या मधोमध भिरभिरत आली.

पुढे काय झालं ते मी पाहिलं असं म्हणायलासुद्धा मला धीर होत नाही, इतकं ते लवकर झालं. दांडीवरून ती निघाली, हवेतल्या हवेत दोघी एक झाल्या, आणि ती परत दांडीवर होती, तीच जागा, तोच रोख, फक्त आता पायांच्या ओंजळीत माझी वैरीण. ती माशी, जिच्यामागे मी दोन आठवडे पट्टी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, जिला मी उजवीकडे झुकले की डावीकडे जायचं पक्कं ठाऊक होतं, तिला हिने बघता बघता वेचून घेतलं, आपण परातीतला खडा वेचावा तसं. मी स्टुलावर उभी, पट्टी तशीच वर. तिने आपली सुई तिच्या मानेमागे रोवली, एकदाच, आणि फडफड थांबली. मग ती निवांत जेवायला बसली. खूप वेळाने खिडकीच्या कठड्यावर काहीतरी पडलं ते मी उचललं. अख्खी माशी होती, पंखासकट, पायांसकट, पण आत काही नाही. फुंकर मारली तर तळहातावरून उडून गेली. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले ते अजून नक्की सांगता येत नाही. पट्टी मी खुंटीला लावली, ती तिथेच आहे.

त्या दिवसभर ती खिडकीतच होती. नातीने तिचं नाव ‘आजोबा’ ठेवलं, कारण तीही दिवसभर खिडकीत बसते आणि जेवायच्या वेळी तेवढी हलते. (हे दोन तास कुणाशी बोलले नाहीत.)

संध्याकाळी सून आली. मी दारातच सगळं कबूल केलं. ती पिशवीसकट जमिनीवर बसली आणि हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आधी तिने पट्टेवालीला मधाच्या वाटीशी नेलं, तशी ती अधाशासारखी पिऊ लागली. मग म्हणाली, “आई, ती मधमाशी नाही.” मी म्हटलं, “मला कळलं. माझ्या आधी करंगळीला कळलं.” मग तिने बारीक जाळ्याने आजोबांना अलगद धरलं, काचेच्या नळीत घेतलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. “पंख मोजा,” म्हणाली. मोजले. दोन. “मधमाशीला चार असतात, गांधीलमाशीला पण चार. ही माशीच. पट्टेवालीही माशीच, तिला नांगीच नाही, नुसता भीती घालायचा वेष आहे. आणि आता पंखांच्या मागे बघा.” विहीणबाई, मी आयुष्यात हजारोंनी माश्या मारल्या, पण पंखांच्या मागे कधी पाहिलं नव्हतं. तिथे, जिथे पंखांची दुसरी जोडी असायची, तिथे दोन बारीक दांड्या आहेत, टोकाला गाठ, जणू कुणी अंगात दोन टाचण्या खोवल्या आहेत. ती म्हणाली, फार फार पूर्वी ते पंखच होते. ते आटत आटत एवढेच उरले, आणि उडताना त्या गाठी भराभर हलतात आणि अंग कुठे कललं ते माशीला सांगतात. म्हणून ती हवेत अशी वळते. म्हणजे बघा, देवाने हिचे दोन पंख काढून घेतले आणि त्या जागी तोल ठेवला. मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

आणि ही दोन टाचण्यांची खूण सगळ्यांच्या अंगावर आहे. घरमाशी, डास, चिलट, गुरांना चावते ती, फुलावर तरंगते ती, सगळं एक घराणं. मी विचारलं, म्हणजे ही तुझी शिकारी त्या घराण्यातली एक वेगळी पाती असणार, पिढीजात मारकुटी? तुम्हीही हेच विचारलं असतं. तर ती म्हणाली, इथेच सगळे फसतात, आई. मग तिने पार्सलचा कागद पसरला (मी नफ्यात धरलेला, पण त्या वेळी बोलले नाही) आणि वंशावळ काढली. आपल्या घरात लग्न जुळवताना काढतात तशीच, फक्त हिला खालचं टोकच नाही, कागद संपला तरी ती टेबलावर बोटाने काढत राहिली. आधी वेगळे निघाले ते लांब मिशीवाले, डास-चिलटांचे पूर्वज. त्यांच्यातूनच पुढे एक आखूड मिशीवाली फांदी फुटली, आणि बाकीच्या सगळ्या माश्या तिच्या. त्या फांदीच्या बुडाशीच बाजूला झाले ते आमचे आजोबा. त्यांच्या कुळाला शास्त्रवाले दरोडेखोर म्हणतात आणि त्यात सगळेच्या सगळे शिकारी. शिकार तोंडाशी फडफडली तरी डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून तोंडावर दाढीसुद्धा आहे, मी भिंगातून पाहिली, ह्यांच्यापेक्षा दाट. त्याच फांदीवर पुढे नाचऱ्या माश्या, पाण्यावर थवे करून नाचतात त्या. त्याही शिकारी, त्यांनाही सुईसारखी सोंड. म्हणजे दरोडेखोरांच्या सख्ख्या? नाही! त्या आपल्या घरमाशीला जास्त जवळच्या. धंदा एक, पण कूळ दुसरं. आणि खुद्द घरमाशीच्या घरात कोण निघावं? ती करडी, जिला मी शिधा म्हणून टाकलं होतं! झाकण उघडून पाहिलं तर बेकरीतून फुकट आलेली चिलटं तिने एकेक करून संपवली होती. आणि पट्टेवाली मध पिते, पण तिचीच पिल्लं अळीपणी झाडावरची माव्याची कीड फस्त करतात. डासांमध्येसुद्धा एक जात अशी आहे की ती लहानपणी पाण्यात इतर डासांची पोरं खाते आणि मोठेपणी रक्ताला शिवत नाही. सगळं पोटभर करून मग वैराग्य, आपल्याकडच्या काही मंडळींसारखं. म्हणजे शिकार हा कुणा एकाचा वारसा नाही. ह्या घराण्यात ती ठिकठिकाणी नव्याने उगवली, जिला जशी भूक लागली तशी. तोंडावरून, वेषावरून, धंद्यावरून कोण कुणाचं हे कळतच नाही. पंखातल्या शिरा बघाव्या लागतात, मिशांची पेरं बघावी लागतात, त्यासाठी माणसाने ओढ्याकाठी बसावं लागतं. मी तिन्ही ताटल्यांत तोंडावरून निवाडा केला आणि तिन्ही चुकले.

मग तिने त्या डोंगरातल्या माशीबद्दल सांगितलं, जिच्यासाठी तिला बोलावलं आहे. मुगाच्या अर्ध्या डाळीएवढी, ओढ्यावर नाचते. तिला अजून कुणी ह्या वंशावळीत बसवलेलं नाही. नाचऱ्यांत धरावी तर शिरा जुळत नाहीत, दुसरीकडे धरावी तर सोंड आड येते. पाऊसकाळ संपला की चार महिनेच दिसते. नाचऱ्यांतला नर लग्न जमवायला जाताना शिकार करून ती रेशमात गुंडाळून नवरीला देतो म्हणे, आणि काही जातींतले नर नुसतंच रेशीम गुंडाळून देतात, आत काही नाही. (तुमच्या चुलत दिरांनी लग्नात दिलेलं पाकीट आठवलं. त्यांना कळवू नका.) ह्या डोंगरातलीच्या भेटीत काय असतं ते कुणालाच माहीत नाही. सांगताना तिचे हात कागदावर नाचत होते. तोंडावर असं काही होतं की मी ते तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि मग एकदम ते विझलं. कागदाची घडी घालत ती म्हणाली, “पण ते राहू दे आता. आईला नको आहे ना. तिथे ओढ्यावर बसून पाण्यात मला तिचंच रुसलेलं तोंड दिसलं, तर माशी काय दिसणार?”

तेव्हा समजुतीच्या गोष्टींची वेळ आली होती. पाचही तयार होत्या. पहिली अशी होती की बाईने आपलं ठिकाण ओळखून राहावं. मी तोंड उघडलं, आणि दांडीवरून निघालेले आजोबा डोळ्यांसमोर आले, आणि ज्या कागदावरच्या एकाचंही ठिकाण मला काल सकाळपर्यंत ओळखता आलं नव्हतं, तो कागद समोर होता. दुसरी लेकराबद्दल होती. लेकरू माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि काही हरवल्यासारखं दिसत नव्हतं. बाकीच्या तीन मला आठवल्याच नाहीत. तेव्हा तुम्ही सोपवलेलं काम माझ्याकडून झालं नाही, हे कळवते. रागावलात तर झबल्याच्या मापाबद्दल बोलले ते परत घेते.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
तुमची विहीण

ता. क. नातीची काळजी तुम्ही करू नका. सकाळचं माझ्याकडे, दुपारचं ह्यांच्याकडे, संध्याकाळी तिचा बाप येतो, आणि त्याने अंघोळीत लपायचं ठरवलं तर मी पाणी बंद करीन. तरी जीव राहत नसेल तर तुम्हीच चार महिने इथे येऊन राहा. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. लेकीला अडवण्यापेक्षा नात सांभाळणं कंबरेलाही सोपं. मला मात्र वाकू नका म्हणून सांगत बसू नका.

ता. क. दुसरा. वरचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, विहीणबाई माश्यांना भुलल्या. भुलले, मान्य आहे. पण विहीणबाई, तुमच्या पोटी असं बघणारी मुलगी जन्मली. माझ्या पोटी आमचे चिरंजीव.

ता. क. तिसरा, आणि खरं तर ह्याच्यासाठीच पत्र लिहायला बसले. तिचं ते विझलेलं तोंड मला बघवेना. म्हणून मी देवाच्या कोनाड्यासमोर उभी राहून, निरांजन लावलेलं असताना, तिला सांगून टाकलं की तुझ्या आईचं पत्र आलं आहे आणि ती हो म्हणाली आहे. पत्र दाखवा म्हणाली, तर म्हटलं, ह्यांनी कुठे ठेवलं कोण जाणे. (ह्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.) ती मटकन खाली बसली, माझ्या गुडघ्यात तोंड खुपसून रडली, आणि पहाटेपासून गुणगुणत सामान बांधते आहे. होकार तिने आज टपालात टाकलासुद्धा. मी जन्मात देवापुढे खोटं बोलले नव्हते, आता ते खरं करणं तुमच्या हातात आहे. लांबलचक लिहू नका, एका ओळीचं कार्ड पुरे: ‘जा, सांभाळून राहा.’ तारीख मागच्या मंगळवारची घाला. टपालखात्याच्या शिक्क्याचं मी बघते, त्यावर चहा सांडेन. अक्षर तेवढं तुमचं हवं, ते ती ओळखते. उलट टपाली पाठवा.